मेटल डिटेक्टरवर नाणं की कचरा? खणायच्या आधी ओळखायचा पूर्ण क्रम

दर आठवड्याला मला कुणी ना कुणी तळहातावर ठेवलेल्या कचऱ्याचा फोटो पाठवतं आणि खाली तेच वाक्य असतं, "ताई, आकडा तर नाण्याचा होता." कधी ॲल्युमिनियमचं फिरकीचं झाकण असतं, कधी बिअरच्या बाटलीचा गंजलेला बिल्ला, कधी कॅनचा मोवरने कापलेला तुकडा. मशीन जमिनीतल्या धातूसाठी स्क्रीनवर एक आकडा दाखवतं, आणि तो आकडा खरंच नाण्याचा असतो, त्यांनी चुकीचं वाचलेलं नसतं. गडबड अशी होते की बहुतेक जण स्क्रीनवरचा आकडा सगळ्यात आधी बघतात आणि तिथेच निर्णय घेऊन मोकळे होतात. मी आकडा सगळ्यात शेवटी बघते. त्याच्या आधी चार गोष्टी तपासायच्या असतात आणि सवय झाली की त्या चारही मिळून अर्धा मिनिट लागतो.

मी न्यू जर्सीत राहते, पार्क, शाळेची जुनी मैदानं आणि ओळखीच्यांची अंगणं एवढंच करते, त्यामुळे खालचं सगळं अमेरिकन चिल्लर आणि इथला कचरा धरून लिहिलंय. मशीन मिनेलॅब इक्विनॉक्स ८००, सोबत येते ती ११ इंची कॉइल, म्हणजे दांडीच्या टोकाची, जमिनीवरून फिरवायची चकती. तुमचं मशीन दुसरं असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील. भारतात, कॅनडात किंवा यूकेत वापरणार असाल तर शेवटून दुसरा भाग नक्की वाचा, तिथली नाणीच वेगळ्या धातूची आहेत.

## घराबाहेर पडायच्या आधी

### १. जागा आणि परवानगी

नॅशनल पार्कमध्ये डिटेक्टर न्यायचाच नाही, फेडरल जमिनीवर शंभर वर्षांपेक्षा जुन्या पुरातत्त्वीय वस्तू उकरण्याविरुद्ध १९७९ चा कायदा आहे. गावाच्या आणि काउंटीच्या पार्कचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, कुठे परमिट लागतं, कुठे पूर्ण बंदी, कुठे वाळूत चालतं पण हिरवळीवर नाही. पार्कच्या ऑफिसला फोन करून विचारा आणि उत्तर ईमेलवर मागून घ्या, मैदानात कुणी हटकलं तर दाखवायला बरं पडतं. खाजगी जागा असेल तर मालकाला प्रत्यक्ष भेटून विचारा.

### २. अंगणातली परीक्षा: स्वतःचा तक्ता बनवा

ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात आणि पुढचे सगळे घोळ इथूनच सुरू होतात. नेटवर मिळणारे तक्ते दुसऱ्याच्या मातीतले, दुसऱ्याच्या सेटिंगचे असतात, त्यामुळे एक रविवार सकाळ यासाठी काढाच.

आधी सामान जमवा. निकल म्हणजे पाच सेंटचं नाणं, डाइम म्हणजे दहाचं, क्वार्टर म्हणजे पंचवीसचं, एक १९८२ च्या आधीची पेनी आणि एक नंतरची पेनी. पेनी दोन हव्यात कारण आधीची ९५ टक्के तांब्याची, ३.११ ग्रॅमची आहे आणि नंतरची आतून झिंकची, वर तांब्याचा पातळ मुलामा, २.५ ग्रॅमची. दिसायला सारख्या, मशीनला पूर्ण वेगळ्या. खुद्द १९८२ साली दोन्ही प्रकारच्या निघाल्या, त्यामुळे ते साल परीक्षेला घेऊ नका, घ्यायचंच असेल तर किचनच्या काट्यावर वजन करून ठरवा.

मग कचरा, तोही खराखुरा हवा. कॅन उघडायच्या कडीला पुल टॅब म्हणतात, ती एक अख्खी आणि एक वाकवलेली. फिरकीचं ॲल्युमिनियमचं झाकण. लहानपणी आपण खेळायला गोळा करायचो तसला बिल्ला, एक नवा आणि एक गंजलेला. चॉकलेटची चांदी, चुरगळून गोळी केलेली. तीन इंची खिळा, एक सरळ एक वाकलेला. एक स्क्रू. कात्रीने कापलेला कॅनचा तुकडा.

अंगणात आधी रिकामी जागा शोधा, कॉइल फिरवली तर काहीच वाजत नाही अशी. तिथे एकेक वस्तू गवतावर ठेवून चारही बाजूंनी कॉइल फिरवा आणि वहीत तीन रकाने भरा: आकडा कुठून कुठपर्यंत हलतो, आवाज गोल येतो की फाटका, आणि नव्वद अंश फिरून घेतलं की काय बदलतं. तिसरा रकाना सगळ्यात जास्त कामाचा.

माझ्या वहीत निकल १२–१३, झिंकची पेनी १९–२१, तांब्याची पेनी २४–२५, साधा डाइम २५–२६, साधा क्वार्टर २९–३०. आता कचरा बघा: पुल टॅब ११ पासून १७ पर्यंत कुठेही, फिरकीचं झाकण १७ ते २३, चॉकलेटची चांदी १ ते १० आणि तिचा गोळा मोठा असेल तर त्याच्याही वर. म्हणजे निकलच्या अंगावर पुल टॅब बसलीय आणि झिंकच्या पेनीच्या अंगावर झाकण.

असं का होतं ते समजून घ्या म्हणजे मशीनवरचा राग जाईल. कॉइल जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र पाठवते, त्याने धातूमध्ये छोटे भोवऱ्यासारखे प्रवाह फिरतात, आणि ते प्रवाह किती उशिराने उत्तर देतात त्यावरून मशीन आकडा काढतं. तो उशीर धातू कुठला यावर जसा ठरतो तसाच जाडीवर आणि आकारावरही ठरतो. ॲल्युमिनियममधून वीज चांगली वाहते पण पुल टॅब पातळ आणि छोटी, निकलमधलं मिश्रण ७५ टक्के तांबं आणि २५ टक्के निकल, त्यातून वीज कमी वाहते पण नाणं जाड, त्यामुळे दोघांचं उत्तर एकाच वेळी येतं. सोन्याची अंगठीही याच पट्ट्यात पडते. कितीही महागाचं मशीन घ्या, या जोड्या फक्त आकड्यावर सुटत नाहीत.

शेवटची परीक्षा अवघड आहे पण कराच. डाइमच्या शेजारी, दोन इंचांवर खिळा ठेवा आणि वेगवेगळ्या दिशांनी कॉइल फिरवा. एका दिशेने फक्त लोखंड ऐकू येईल, दुसऱ्या दिशेने डाइम टुणकन उठेल. हा आवाज कानात बसवून घ्या. मग डाइम कडेवर उभा करून बघा, आवाज बारीक होतो, कधी एकाच्या जागी दोन ठोके येतात. जमिनीतलं प्रत्येक नाणं ताटात ठेवल्यासारखं सपाट नसतं.

तपासा: डोळे मिटून, घरातल्या कुणाला तरी वस्तू बदलायला सांगून, फक्त आवाजावरून खिळा आणि डाइम दहापैकी नऊ वेळा ओळखता येतो का? येत नसेल तर पार्कात जायची घाई करू नका.

### ३. मशीनचं सेटिंग

पार्कात पोचलात की मोबाईल खिशातून काढून बॅगेत टाका. आधी नॉइज कॅन्सल (आसपासच्या विजेच्या उपकरणांचा अडथळा टाळायचं सेटिंग), मग ग्राउंड बॅलन्स (मातीतल्या खनिजांचा आवाज दाबायचं सेटिंग). ग्राउंड बॅलन्स जिथे धातू नाही अशाच जागी करायचा, कॉइलखाली खिळा असताना केला तर पुढचा सगळा दिवस आकडे नाचत राहतात आणि आपण मशीनला दोष देतो.

सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीन किती बारीक सिग्नल पकडेल ते, शेवटपर्यंत चढवायचा मोह सगळ्यांना होतो. कॉइल हवेत स्थिर धरा, मशीन आपोआप टिकटिक करतंय का बघा, करत असेल तर गप्प होईपर्यंत एकेक पायरी खाली या. बडबड करणाऱ्या मशीनवर दोन इंच जास्त खोली मिळवून काही उपयोग नाही, कारण खरं नाणं त्या बडबडीत बुडून जातं.

डिस्क्रिमिनेशन, म्हणजे ठरावीक आकड्यांचा आवाज बंद करणं, याबद्दल मी हट्टी आहे. लोक पुल टॅबचा पट्टा बंद करून टाकतात, मग त्याच्याबरोबर सगळी निकल आणि बहुतेक अंगठ्या जातात, शिवाय आवाज बंद केलेल्या कचऱ्यामुळे शेजारचा सिग्नल तुटका येतो तो वेगळाच. फक्त लोखंड बंद ठेवा, बाकी सगळं वाजू द्या. आणि सिग्नलवर शंका आली की इक्विनॉक्सवर घोड्याच्या नालेचं बटण असतं ते दाबून लोखंडही ऐका. निम्म्या वेळा कोडं तिथेच सुटतं.

इशारा: पिकनिकची टेबलं, बाकं, बेसबॉलच्या डगआउटच्या (खेळाडूंच्या बसायच्या जागेच्या) आसपास कचरा इतका दाट असतो की ११ इंची कॉइलखाली एका वेळी तीन-चार वस्तू येतात आणि मशीन त्यांची सरासरी सांगतं. तिथे ६ इंची कॉइल लावा किंवा ती जागा सोडा.

## मैदानात

### ४. कॉइल कशी फिरवायची

कॉइल जमिनीला समांतर, गवताला घासेल इतकी खाली. नवीन माणूस झाडू मारल्यासारखं करतो, दोन्ही टोकांना कॉइल वर उचलली जाते आणि टोकाकडची सगळी नाणी सुटतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला सुमारे दोन सेकंद लागू द्या आणि पुढचा फेरा आधीच्या फेऱ्यावर अर्धी कॉइल चढवून घ्या. बस, एवढंच.

### ५. पहिली कसोटी: दोन्ही बाजूंनी वाजतं का

सिग्नल आला की थांबा, पण खाली वाकू नका. त्याच जागेवर छोटे फेरे घ्या, फूटभराचे. डावीकडून उजवीकडे जाताना जसा आवाज येतो तसाच उजवीकडून डावीकडे येताना आला पाहिजे. नाण्याचा आवाज गोल असतो, सुरू होतो आणि संपतो, मध्ये फाटत नाही. एका दिशेने खणखणीत आणि परत येताना गायब, किंवा परत येताना लोखंडाची गुरगुर, असं झालं की बहुतेक वेळा तो खिळा असतो. गंजलेला आणि वाकलेला खिळा फार फसवतो, त्याच्या टोकापाशी आवाज एकदम चढतो, क्वार्टरच्याही वरचा आकडा दाखवतो.

### ६. दुसरी कसोटी: नव्वद अंश

आता सिग्नलच्या भोवती चालत बाजूला या आणि आधीच्या फेऱ्याला आडवे फेरे घ्या. नुसतं मनगट वळवून चालत नाही, पाय हलवावे लागतात. सपाट पडलेलं नाणं गोल आहे, कुठूनही आलात तरी सारखंच बोलतं. खिळा लांबट आहे, एका बाजूने त्याचं टोक लागतं, दुसऱ्या बाजूने अंग लागतं, आवाज बदलतो किंवा लोखंडात जातो. कापलेल्या कॅनचा तुकडा वेडावाकडा असतो, त्याचा आकडा फिरताना १४, १९, १६ असा उड्या मारतो. निकलचा आकडा १२ आणि १३ यांच्यामध्येच राहतो, फार तर एखाद्या फेऱ्याला ११ दिसतो.

माझ्या हिशेबात सगळ्यात जास्त कचरा याच पायरीवर गळतो आणि सगळ्यात जास्त लोक हीच पायरी टाळतात, कारण चालायचा कंटाळा.

पण एक अपवाद लक्षात ठेवा. नव्वद अंशांना सिग्नल गेला म्हणजे कचराच असं नाही, शेजारी खिळा असेल तर नाणंही एकाच दिशेने बोलतं, म्हणून तर अंगणात डाइम-खिळ्याची परीक्षा घ्यायला सांगितली. फरक असा की खिळ्याच्या फसव्या आवाजाची जागा सरकते, नाण्याची सरकत नाही. पुढची पायरी त्यासाठीच आहे.

### ७. तिसरी कसोटी: जागा आणि आकार

वस्तूची नेमकी जागा दाखवणारा पिनपॉइंट मोड लावा आणि कॉइल सावकाश आडवी, मग उभी सरकवा. आवाज सगळ्यात जोरात जिथे येतो तिथे मनात फुली मारा. आता दोन गोष्टी बघा.

एक, ही फुली आणि मघाचा चढा आवाज जिथे ऐकला ती जागा एकच आहे का. खिळ्याच्या बाबतीत चढा आवाज टोकाकडे आणि पिनपॉइंट मधोमध येतो, दोन-तीन इंचांचा फरक पडतो. जागा जुळली नाही तर माझा खुरपं काढायचा विचार तिथेच संपतो.

दोन, आवाज केवढ्या जागेत पसरलाय. नाण्याचा ठिपका छोटा आणि कडक असतो, कॉइल थोडी सरकली की आवाज पडतो. चपटा झालेला कॅन फूटभर जागेत एकसारखा बोंबलत राहतो.

### ८. चौथी कसोटी: कॉइल वर उचला

फुलीवर कॉइल धरून फेरे चालू ठेवत हळूहळू वर घ्या. दोन-तीन इंच खोल असलेल्या डाइमचा आवाज कॉइल चार-पाच इंच उचलली की पातळ होतो आणि मग जातो. कॅन मात्र गुडघ्यापर्यंत कॉइल आली तरी ओरडतच असतो. स्क्रीनवर खोलीचे जे बाण असतात ते वस्तू नाण्याएवढी आहे असं गृहीत धरून मोजलेले असतात, म्हणून मोठा कॅन आठ इंच खाली असला तरी मशीन दोन इंच सांगतं. दोन इंच खोल, आवाज प्रचंड, उचललं तरी जात नाही, असं असेल तर तो मोठा कचरा.

तपासा: इथपर्यंत चारही कसोट्यांना उत्तर काय आलं ते मनातल्या मनात म्हणा. दोन्ही बाजूंनी, आडवं-उभं, एकाच जागी, छोटं. चारही हो असतील तरच पुढे.

### ९. आता आकडा

आता स्क्रीनकडे बघा, पण पट्ट्याप्रमाणे वेगवेगळा विचार करा.

२४ च्या वर, स्थिर, छोटा ठिपका: खणा, कसलाही विचार न करता. तांब्याची पेनी, डाइम, क्वार्टर आणि १९६५ च्या आधीची ९० टक्के चांदीची नाणी सगळी इथे आहेत. चांदीचा डाइम साध्या डाइमपेक्षा एखाददुसराच आकडा वर असतो, खड्ड्याबाहेर कळत नाही, त्यामुळे डाइम वाटणारं काहीही सोडू नका.

१९ ते २३: हा कंटाळवाणा पट्टा. झिंकची पेनी आणि फिरकीचं झाकण. झाकण पेनीपेक्षा मोठं असल्यामुळे आठव्या पायरीत जरा जास्त उंचीपर्यंत वाजतं, तेवढाच धागा. शिवाय झिंकची पेनी जमिनीत सडते, कडा कुरतडल्यासारख्या होतात, मध्ये भोकं पडतात, वर पांढरी भुकटी येते, आणि धातू जितका गेला तितका तिचा आकडा खाली घसरतो, अगदी १५–१६ पर्यंत. पण जुनी इंडियन हेड पेनीसुद्धा याच भागात पडते, म्हणून शंभर वर्षं जुन्या अंगणात मी हा पट्टा पूर्ण खणते आणि नव्या सॉकर मैदानावर खोलीचा बाण एकच असेल, म्हणजे वस्तू अगदी वर असेल, तर सोडते.

१२–१३: निकलचा पट्टा. इथे माझी अट कडक आहे. चारही दिशांनी १२ किंवा १३, आणि आवाज मऊ, गोल असला पाहिजे. १४ वारंवार डोकावत असेल तर बहुतेक पुल टॅब. आणि एक सोपी गोष्ट, त्या दिवशी त्या जागेत एकसारखे आकडे येतायत का बघा. एकाच पार्कात एकाच प्रकारच्या पुल टॅब पडलेल्या असतात, पहिल्या तीन खणल्यात आणि तिन्ही १५ होत्या तर त्या दिवशीपुरता १५ हा कचऱ्याचा आकडा, सरळ सोडून द्या. १९४२ ते १९४५ मधली काही निकल ३५ टक्के चांदीची आहेत, त्यासाठी तरी हा पट्टा बंद करू नका.

१ ते १० आणि १४ ते १८: फक्त नाणी हवी असतील तर सोडा. अंगठी हवी असेल तर सगळं खणावं लागेल आणि त्यात कचऱ्याचं प्रमाण फार मोठं असेल, ही तयारी ठेवूनच जा. मुलांच्या खेळायच्या वाळूत मी खणते कारण वाळू उकरायला सोपी, हिरवळीवर नाही.

खोलवरच्या नाण्याचा आकडा स्थिर राहत नाही. सहा-सात इंचांखाली तो दोन-तीनने हलतो, लोहयुक्त मातीत लोखंडाकडे झुकतो. बारीक, लांबून आल्यासारखा पण दोन्ही बाजूंनी येणारा आवाज असेल तर आकड्याकडे दुर्लक्ष करून खणा.

### १०. बिल्ला: सगळ्यात मोठा फसव्या

बिल्ल्यासाठी वेगळी पायरी लिहितेय कारण आलेल्या फोटोंपैकी निम्मे त्याचेच असतात. बिल्ला गोल, नाण्याएवढा, सपाट. म्हणजे वरच्या चारही कसोट्यांत तो बऱ्यापैकी पास होतो. पण तो स्टीलचा आहे, चुंबकीयही आणि वीजवाहकही, त्यामुळे कॉइल बरोबर मधोमध असली की तो उंच आवाज देतो आणि कॉइलची कड त्याच्यावर आली की लोखंड बोलतं. हीच त्याची खोड पकडायची.

कॉइल बिल्ल्याच्या मधोमध ठेवून छोटे, जलद फेरे घ्या आणि फेरे चालू ठेवत अंगाकडे मागे ओढत या, म्हणजे कॉइलचं पुढचं टोक सिग्नलवरून जाईल. नाणं असेल तर आवाज बारीक होत होत जातो, पण शेवटपर्यंत त्याच सुरात. बिल्ला असेल तर जायच्या आधी आवाज खर्जात कोसळतो, घुर्र करतो, आकडा २२ वरून एकदम उणेमध्ये, म्हणजे लोखंडाच्या आकड्यांत, जातो. मागच्या ऑक्टोबरमध्ये एका जुन्या मैदानात चेस्टनटच्या झाडाखाली मला ओळीने सहा सिग्नल आले, सगळे २० ते २४ मध्ये. कॉइल मागे ओढली तर पाच खर्जात पडले, एक शेवटपर्यंत गोल राहिला. खात्रीसाठी मी सहाही खणले. पाच बिल्ले आणि एक तांब्याची पेनी, पेनी चार इंचांवर होती, वर हिरवट थर आणि खाली लिंकनची हनुवटी तेवढी स्पष्ट.

गंज जितका जास्त तितका बिल्ला लवकर ओळखू येतो, नवा बिल्ला जरा जड जातो. मशीनला आयर्न बायस (शंकास्पद सिग्नल लोखंडाकडे झुकवणारं सेटिंग) असेल तर एक-दोन पायऱ्या वाढवून बघा, बिल्ले जास्त लोखंडी वाजायला लागतात. पण तो चढवून ठेवायचा नाही, खिळ्याशेजारचं नाणंही त्याने दबतं.

### ११. खणणं

इथे ओळखायचं काम संपत नाही, उलट हातात वस्तू यायच्या आधीची शेवटची तपासणी इथेच होते. हातातला पिनपॉइंटर, म्हणजे कांडीसारखा छोटा डिटेक्टर, गवतावर टेकवा. वरूनच वाजला तर वस्तू दोन-तीन इंचांत आहे, खड्डा करायची गरज नाही, स्क्रू ड्रायव्हरने बाजूने उचकटून काढा, टोक वस्तूवर घासू नका. खोल असेल तर खुरप्याने तीन बाजूंनी कापा, चौथी बाजू बिजागरीसारखी शिल्लक ठेवा, गवताचा तो तुकडा उलटा. माती जुन्या टॉवेलवर घ्या.

इशारा: जाड हातमोजे नेहमी. काच, ब्लेड, सुया, सगळं निघतं. आणि स्प्रिंकलरचे पाइप, पितळी नोझल अगदी नाण्यासारखे वाजतात, ओळीत ठरावीक अंतरावर सिग्नल येत असतील तर हात आवरा.

उन्हाळ्यात जमीन कडक वाळलेली असताना हिरवळीवर खणू नका, मुळं तुटतात आणि चार दिवसांनी तिथे गोल पिवळा डाग दिसतो. असे वीस डाग पडले की गाव डिटेक्टरवर बंदी घालतं, आणि ती सगळ्यांनाच लागते. पाऊस पडून एक दिवस गेला की जा, माती मऊ असते, तुकडा परत बसतो, सिग्नलही स्पष्ट येतात.

निघालेली वस्तू जागेवर अंगठ्याने घासू नका. निकल जमिनीत राहून विटकरी लालसर होतं, साधे डाइम-क्वार्टर तपकिरी डागांचे निघतात, चांदी मात्र मातीतून पांढरी बाहेर येते, पाहिल्यावर लगेच कळतं. पाण्याची बाटली ओतून माती सुटली तेवढी सुटू द्या, बाकी घरी. मी एकदा उत्साहात मातीसकट नाणं जीन्सला घासलं आणि त्यावरच्या बाईच्या चेहऱ्यावर बारीक ओरखडे पडले, ते आता कधीच जाणार नाहीत.

### १२. खड्डा पुन्हा तपासा, मग बुजवा

कचरा निघाला तरी कॉइल पुन्हा फिरवायची. वरचा पुल टॅब काढल्यावर खाली झाकलेलं नाणं बोलायला लागतं, हे वारंवार होतं. नाणं निघालं तर मग नक्कीच, खिसा उलटा झाला तर एकच नाणं पडत नाही. खड्डा, गवताचा उलटलेला तुकडा आणि टॉवेलवरची माती, तिन्ही तपासा. निघालेला कचरा पिशवीत घालून घरी आणा, तिथेच फेकलात तर पुढच्या महिन्यात तोच खणाल.

## भारत, कॅनडा, यूके: इथे हा तक्ता चालत नाही

साताऱ्याचा माझा मामेभाऊ इथून मशीन घेऊन गेला आणि म्हणाला, ताई, शेतात रुपया पुरून बघितला, मशीन लोखंड म्हणतंय. मशीन बरोबर आहे. आपला १ रुपया १९९२ पासून फेरिटिक स्टेनलेस स्टीलचा आहे, चुंबकाला चिकटतो, त्यामुळे डिटेक्टरवर तो बिल्ल्यासारखा वागतो. त्या आधीच्या काळातले १, २, ३, ५, १० पैसे ॲल्युमिनियमचे, ते पुल टॅबच्या पट्ट्यात जातात. म्हणजे आपल्याकडे लोखंड बंद केलं की आजची बरीचशी चिल्लर बंद होते. कॅनडात २००० नंतरची छोटी नाणी मुलामा दिलेल्या स्टीलची, यूकेत १९९२ पासूनच्या १ आणि २ पेनीही तशाच. तिथे अंगणातली परीक्षा स्थानिक चिल्लर घेऊन नव्याने करायची, प्रत्येक नाणं आधी फ्रीजच्या चुंबकाला लावून बघा, चिकटलं तर ते लोखंडाच्या बाजूला शोधायचं.

आणि हे कळकळीने सांगतेय, महाराष्ट्रात मशीन घेऊन गडकिल्ल्यांवर, जुन्या वाड्यांच्या पडक्या जागी, लेण्यांजवळ जाऊ नका. राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून शंभर मीटर हा प्रतिबंधित भाग आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दडलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. शिवराई कुठल्या थरात, कशाच्या शेजारी सापडली यातून अभ्यासकांना त्या जागेबद्दल कळतं, खुरप्याने उपटली की ते कायमचं गेलं. घरच्या शेतात हरवलेली अंगठी किंवा विळा शोधायला मशीन जरूर वापरा.

## वही चालू ठेवा

प्रत्येक खणलेल्या वस्तूसाठी एक ओळ: आकडा, नव्वद अंशांना काय झालं, खोली, तुमचा अंदाज, आणि निघालं काय. अंदाज खणायच्या आधी लिहायचा, नंतर नाही. पन्नास ओळी झाल्या की बसून बघा कुठल्या पट्ट्यात तुमचा अंदाज जास्त चुकतो. माझा पहिल्या पन्नासात १९ ते २३ मध्ये सगळ्यात जास्त चुकला होता, म्हणून मग मी दोन आठवडे फक्त त्याच पट्ट्यात झाकण आणि पेनी ऐकत बसले. मला फोटो पाठवताना आता कचऱ्याबरोबर त्या ओळीचाही फोटो पाठवा, म्हणजे कुठली पायरी सुटली ते लगेच सांगता येईल.